हलका हात

सोमवार, ५ जानेवारी

ही गेल्या वर्षीची हिशेबाची वही. मागची साठेक पानं कोरी उरली होती, टाकवेनात. देवाचं नाव घेऊन त्यांत आजपासून मुंगीच्या अभ्यासाचं खातं मांडते आहे. रोज लिहीन असं नाही. लिहिण्यासारखं असेल त्या दिवशी लिहीन.

मुंगी म्हणजे आमची एकुलती एक. तिसरीत आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती, ह्यांनी गमतीने नाव पाडलं ते चिकटलं. आज शाळा सुटल्यावर तिच्या बाईंनी मला बोलावलं होतं. मुलांच्या बाकावर बसले तर गुडघे हनुवटीला लागले. बाईंपुढे बेचाळीस वह्यांची चळत आणि चष्मा कपाळावर. म्हणाल्या, मुलीला येतं, तोंडी विचारलं तर कधी कधी चटकन सांगते, पण बूड स्थिर नाही. चार ओळी लिहिल्या की खिडकीबाहेर बघणार, मग शेजारणीच्या कानाला लागणार. गृहपाठ अर्धा. सहामाहीत दोन पेपर गेले.

"घरी बसायची सवयच नाही तिला," बाई म्हणाल्या. "अजून दोन महिने आहेत. सवय लावा. नाहीतर मला तिला चौथीत पाठवता येणार नाही, आताच सांगते."

मी म्हटलं, मी स्वतः मॅट्रिक आहे. का म्हटलं कोण जाणे. बाई म्हणाल्या, मग तर सोपंच आहे.

ते वाक्य घरी येईपर्यंत चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. जिन्यात वन्सं भेटल्या. ह्यांची धाकटी बहीण, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांची लेक मुंगीच्याच वर्गात, पहिल्या पाचांत. बाईंनी का बोलावलं होतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, सहज.

मंगळवार, ६ जानेवारी

शिस्त ठरवली. साडेचार वाजता दूध पिऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं, खिडकीकडे पाठ. चाळीस मिनिटं. दहा शब्द मी सांगेन ते लिहायचे, दहा गणितं, एक पान अक्षर. घड्याळ समोर. मधे पाणी नाही, शू नाही, ते आधी उरकायचं.

पेन्सिली घरातच निघाल्या. हे लाकडी सामानाच्या कारखान्यात आहेत. तिथे नकाशे काढणारे साहेब आपल्या पेन्सिली अर्ध्या झाल्या की टाकून देतात, ह्यांनी डझनभर आणून ठेवल्या होत्या. शिसं इतकं टणक की महिनाभर टोक काढायला नको. शाळेच्या दप्तरातही त्यांतलीच एक ठेवली.

वही मात्र एकच. आमच्या लहानपणी पाटी होती. लिहिलं, दाखवलं, पुसलं, की पाटी पुन्हा नवी. सरावाचं लिहिणं जपून काय करायचं, जपायचं ते डोक्यात. तेव्हा वहीचीच पाटी करायची. रोज तपासून झालं की तिनेच खोडरबराने पान पुसायचं आणि उद्या त्याच पानावर लिहायचं. ह्यांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "तुझ्या हाती राज्य दिलं तर तू पाऊससुद्धा वाळवून परत वापरशील."

हसू देत.

शुक्रवार, ९ जानेवारी

तीन दिवस रणांगण. पहिल्या दिवशी सोळाव्या मिनिटाला उठली, दुसऱ्या दिवशी एकविसाव्या, आज एकतिसाव्या. म्हणजे सुधारणा आहे.

एक अडचण. ती फार दाबून लिहिते. टणक पेन्सिलीने कागदावर चरे पडतात आणि पुसलं तरी अक्षर भुतासारखं तिथेच बसलेलं. आज पुसता पुसता पानच फाटलं. दोन धपाटे घातले, मग वाईट वाटलं. हात हातात धरून शिकवलं: पेन्सिल पिसासारखी धर, कागदाला कळता कामा नये. एकदा जमलं तेव्हा शाबासकी दिली.

म्हणाली, आजचं पान बाबा येईपर्यंत ठेवू या का. हे आठाला येतात, तोवर ती झोपायला जाते. आणि पुसणं हे अभ्यासाच्या वेळातच बसवलं आहे. नाही म्हटलं. नियम एकदा वाकवला की वाकलाच.

शनिवार, १७ जानेवारी

देवाची कृपा. दहा दिवस झाले आणि वहीचं अजून तिसरंच पान चाललं आहे. मुंगीचा हात सुरेख हलका झाला. लिहिलेलं पान मी खिडकीशी नेऊन जरा तिरपं धरते, सगळं स्वच्छ वाचता येतं, आणि रबराचे चार फटके मारले की पान कोरं. दहापैकी नऊ शब्द बरोबर.

राहवलं नाही, वन्संना वही दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "वहिनी, हिच्यात तर काहीच नाही." मी म्हटलं, तीच तर गंमत आहे. त्यांच्या लेकीच्या या वर्षात अकरा वह्या झाल्या म्हणे.

सोमवार, २६ जानेवारी

आज घरात पाहुणे होते. मी चहाच्या गडबडीत. साडेचारला मागे वळून पाहते तर ही आपली आपण टेबलाशी येऊन बसलेली, दप्तर पायाशी, वही उघडी. कोणी सांगितलं नाही, कोणी ओढून आणलं नाही. पाहुणेबाई म्हणाल्या, किती गुणाची पोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकवीस दिवसांत सवय लागली. बाईंनी मागितली तीच सवय.

फक्त एक. शाळेच्या रोजनिशीत बाईंचा शेरा आहे: वर्गातले लेखन अपूर्ण. जुनी खोड एका दमात जात नाही. दहा मिनिटं वाढवली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज मन थाऱ्यावर नाही.

रोजनिशीत लाल शाईने लिहून आलं: शुद्धलेखनाच्या चाचणीत काहीही लिहिले नाही. गणितात दोन उत्तरे. पालकांनी लक्ष द्यावे.

मी तिला विचारलं, का लिहिलं नाहीस. म्हणाली, लिहिलं. पुन्हा विचारलं. लिहिलं. किती शब्द? सगळे. मग बाई काय खोटं बोलतात? 

अभ्यासात मागे पडलेलं मी सोशीन, पण माझ्या घरात खोटं नको. तिला देवासमोर उभं केलं. म्हटलं, हात जोड आणि आता सांग. तिने हात जोडले आणि म्हणाली, "देवा, मी लिहिलं होतं."

आठ वर्षांची पोर देवासमोर खोटं बोलायला कुठे शिकली? माझ्याच वळण लावण्यात काही कमी राहिलं असणार. रात्री तिला जेवण दिलं पण जवळ घेतलं नाही. मीही जेवले नाही.

उद्यापासून एक तास.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

टेबल पुसताना फडकं खाली पडलं, ते उचलायला वाकले तर टेबलाच्या खालच्या अंगाला काहीतरी लिहिलेलं. खाली आडवी झाले आणि पाहिलं. ह्यांच्या सुतारकामाच्या पेटीतल्या जाड लाल पेन्सिलीने, ओळीखाली ओळ: आज दहा पैकी दहा. आज नऊ. आज दहा पैकी दहा, गणित पण. अशा वीस-बावीस ओळी. इतकं दाबून लिहिलेलं की लाकडात रुतलं आहे. सातचा पाढा पण आहे, तोही बरोबर.

हिला टेबलाखाली बसून लिहायला वेळ कधी मिळतो? मी कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते तेव्हाच. सोडा टाकलेल्या पाण्याने अर्धा तास घासलं, निम्मं निघालं. तिला विचारलं, लाकडावर का लिहिलंस, वही नव्हती का. म्हणाली, "वहीतलं जातं."

म्हटलं, जाण्यासाठीच आहे ते. लाल पेन्सिल ह्यांच्या पेटीत परत ठेवली आणि पेटी वर ठेवली.

रविवार, १५ फेब्रुवारी

वन्सं वर आल्या होत्या. त्यांच्या लेकीने घरी सांगितलं की मुंगी पेपरात काही लिहीतच नाही, बाई वर्गासमोर तिचा कोरा कागद धरून दाखवतात. वन्सं म्हणाल्या, "हाताची नस-बिस बघून घ्या हो. नाहीतर नुसतं बसवून काय उपयोग. कोंबडी अंड्यावर बसते म्हणून बसली, पण खाली अंडं तर हवं."

वर हसल्या. मीही हसले. दार लावल्यावर किती वेळ भांडी घासत होते कोण जाणे, घासलेलीच पुन्हा घासली.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मुंगीला आपलं बोट दाबायला सांगितलं. तिने असं दाबलं की ते ओय म्हणाले. हात उत्तम आहे, डोळे उत्तम आहेत. मला विचारलं, घरी कशाची धास्ती आहे का हिला. मी म्हटलं, छे, आमच्याकडे कोणी आवाजसुद्धा चढवत नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

जे झालं ते आहे तसं लिहिते. देवा, इथे तरी खोटं लिहू देऊ नकोस.

बाईंनी पुन्हा बोलावलं. या खेपेला बाकावर बसा म्हणाल्या नाहीत, त्यांच्या टेबलाशी उभीच होते. पुढ्यात गणिताचा कागद ठेवला. वीस गुणांचा पेपर, मुंगीचं नाव आणि खाली पांढरा कागद. वर लाल शून्य. म्हणाल्या, मी थकले. ओरडून झालं, समजावून झालं. ही पेन्सिल हातात धरून तासभर मान खाली घालून बसते, आणि कागद असा. सहा मार्चपर्यंत वार्षिकचे पेपर संपतील, त्यात हेच झालं तर ती तिसरीतच राहील. इथे सही करा.

सही करायला कागद उचलला. घरी रोज जसा धरते तसा, सवयीने, खिडकीकडे जरा तिरपा झाला.

सगळं लिहिलेलं होतं.

पहिलं गणित, दुसरं, तिसरं. हातचे वर मांडलेले. शाळेचा कागद खरबरीत, करड्या रंगाचा, त्यावर ती टणक पेन्सिल पिसासारखी फिरलेली. मी उभ्या उभ्या तपासलं. वीसपैकी अठरा.

बाई पुढच्या वह्या ओढत होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं: बाई, जरा इकडे उजेडात बघा. मग त्यांनी विचारलं असतं, अशी का लिहिते ही? आणि मी काय सांगितलं असतं? वही वाचवायला मी हिला न उमटेल असं लिहायला शिकवलं? मी मॅट्रिक आहे, हे यांना पहिल्याच दिवशी ऐकवलेलं.

मी सही केली. शून्याच्या शेजारी. कागद परत दिला आणि घरी आले.

शनिवार, २१ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. मग म्हणाले, म्हणजे ती देवासमोर खरं बोलली होती.

तेवढं बोलायला नको होतं त्यांनी. मी काल संध्याकाळपासून तेवढंच सोडून बाकी सगळा विचार करत होते.

म्हणाले, सोमवारी जाऊन बाईंना सांगून टाक. मी म्हटलं, कशाला? पेपर सुरू व्हायला अजून आठवडा आहे. तिला दाबून लिहायला सांगते, पेपर चांगला जाईल, कोणाला काही कळायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला उठले.

मुंगीची क्षमा मागितली. नीट जमलं नाही. म्हटलं, तू लिहिलं होतंस, माझं चुकलं. तिने मान हलवली आणि विचारलं, आता बसायचं का, साडेचार झाले.

बुधवार, २५ फेब्रुवारी

नवी वही आणली, मऊ काळी पेन्सिल आणली. सांगितलं, आता पुसायचं नाही, आता ठळक लिही. मला वाटलं होतं पोर आनंदाने नाचेल.

ती पेन्सिल कागदावर टेकवते आणि थांबते. लिहिते ते पहिल्यासारखंच, मऊ पेन्सिल म्हणून जरा करडं दिसतं इतकंच. दाब म्हटलं की बोटं पांढरी होतात, खांदे कानाला लागतात, आणि पेन्सिल कागदावर उतरतच नाही. आज एका तासात चार ओळी.

मी म्हटलं, काय कठीण आहे त्यात? टेबलाखाली दाबून लिहिलंस ना?

"तिथे मला माहीत होतं, बरोबर आलेलंच लिहायचंय," ती म्हणाली. "इथे चुकलं तर ते तसंच राहील ना."

सवय लावायला एकवीस दिवस लागले. काढायला माझ्याकडे शेवटच्या पेपरापर्यंत धरले तरी नऊच उरले आहेत.

सोमवार, २ मार्च

आज वार्षिकचा पहिला पेपर. सकाळी निघताना पाच वेळा सांगितलं, दाबून, दाबून, दाबून. दारात उलटी झाली तिला. तोंड पुसून पाठवलं.

दुपारी विचारलं, दाबलंस का. म्हणाली, दाबलं. किती प्रश्न झाले? दोन. उरलेले? "वेळ संपला. दाबायला वेळ लागतो."

मी तिच्यावर ओरडले. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

गुरुवार, ५ मार्च

तिसरा पेपर झाला. मुंगी आता बोलत नाही. विचारलं की मान हलवते, होय की नाही ते कळत नाही. नखं कुरतडून बोटं लाल झाली आहेत.

ह्यांच्याशी कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, तुम्हाला काय, तुम्ही कारखान्यात. उद्या सगळी आळी म्हणेल, एका वहीपायी पोरीचं वर्ष घालवलं. वन्सं तर कोंबडीचं नवीन काहीतरी रचतील. हे जेवता जेवता शांतपणे म्हणाले, "म्हणू देत. पोरीला आत्ता सगळी आळी ढ म्हणते आहे, ते ती एकटी ऐकते. तू जरा ऐक की तिच्या वाटचं."

ताट तसंच ठेवून उठले. देवाजवळ जाऊन बसले. पण मागायला काही सुचेना. देवाने जे करायचं ते केव्हाच केलं होतं, कागद माझ्या हातात देऊन खिडकीकडे धरायला लावला होता. पुढचं माझं होतं.

शुक्रवार, ६ मार्च

गेले. शेवटचा पेपर सुटायच्या वेळेला, थेट मोठ्या बाईंच्या खोलीत. मुंगीच्या बाईंनाही बोलावून घेतलं. सरावाची ती वही बरोबर नेली होती.

सगळं सांगितलं. पाटी, टणक पेन्सिल, पिसासारखा हात, धपाटे. वीस तारखेला मला दिसलं होतं आणि मी गप्प बसून सही केली, तेही. मुंगीच्या बाईंचा चेहरा उतरत गेला. मोठ्या बाई वयस्क आहेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "दोन महिन्यांत तिने घरी काय काय लिहिलं ते दाखवा, म्हणजे आपल्याला ठरवता येईल."

मी वही पुढे केली. त्यांनी पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं. सगळी पानं उलटली. रबराने केसाळ झालेली तीन पानं आणि बाकी कोरी. दोन महिने रोजचा तास, शेकडो शब्द, शेकडो गणितं, त्यांतलं एक अक्षर माझ्याकडे दाखवायला नव्हतं. मी हिशेब ठेवणारी बाई.

मुंगीच्या बाईंनी कपाटातून तिचे जुने कागद काढले आणि खिडकीशी नेले. एक पाहिला, दुसरा पाहिला. पाठमोऱ्याच होत्या. म्हणाल्या, "मी हे घरी दिव्याखाली तपासते. बेचाळीस असतात." चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. त्यांची मला कीव आली, आणि माझी त्यांना आली असावी.

मोठ्या बाईंनी मुंगीला बोलावलं. ती दारातच थबकली. आम्हा तिघींना एकत्र पाहून तिला काय वाटलं असेल. मोठ्या बाईंनी तिला फळ्याशी उभं केलं, खडू दिला, तोंडी एक गणित सांगितलं. मला वाटलं, संपलं.

पण खडूला दाबावं लागत नाही. तिचा हात तसाच, हलका, पण फळ्यावर पांढरं शुभ्र उमटत गेलं. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. मोठ्या बाई अवघड सांगत गेल्या, पाचव्याला तिचं चुकलं. ती थांबली. माझ्याकडे वळून पाहिलं. ते पाहणं मी जन्मात विसरणार नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, राहू दे ते, त्याच्याच खाली पुन्हा कर. तिने केलं, बरोबर आलं. चुकलेलं वर तसंच होतं आणि काही झालं नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, फळा काही शाळेच्या फायलीला लावता येत नाही, कागदावर हवं. या आठवड्यातले पेपर बाजूला ठेवते. सोमवारी तिचा एकटीचा पेपर, दोन तास, खिडकीशी. त्यात जे येईल ते. नियम मला मोडता येत नाहीत, वेळ देता येतो.

शनिवार, ७ मार्च

साडेचारला मुंगी टेबलाशी येऊन बसली. मी म्हटलं, आज नको, जा खेळायला. गेली नाही. बसूनच राहिली, मोकळ्या हातांनी, बरोबर एक तास. हेही मीच केलं आहे.

रविवार, ८ मार्च

ह्यांनी कारखान्यातून फळकुटं आणली आणि मुंगीला घेऊन गच्चीवर बसले. मी वर गेले नाही. जिन्याशी उभी राहून ऐकत होते. हे मुद्दाम चुकीची मापं काढत होते आणि मुंगी त्यांच्यावर डाफरत होती, बाबा, एवढं पण येत नाही का, खोडा ते. हे म्हणत होते, सुतार खोडत नाही, सुतार शेजारी दुसरी रेघ मारतो. हसण्याचा आवाज आला. दोन महिन्यांत या घरात ऐकला नव्हता.

हात शिवशिवत होते वर जाऊन दहा शब्द सांगायला. गेले नाही. आजच्या दिवसात मी केलेलं सगळ्यात अवघड काम हेच.

सोमवार, ९ मार्च

दोन तास व्हरांड्यातल्या बाकावर. आत पाहायचं नाही असं ठरवलं होतं. दारातून पेन्सिलीचा आवाज येतो का म्हणून कान लावून बसले होते, शाळेच्या घंटेशिवाय काही ऐकू आलं नाही.

मुंगीच्या बाई एकदा बाहेर आल्या, माझ्या शेजारी टेकल्या. म्हणाल्या, माझ्या डब्यातली पेन्सिल दिली आहे तिला. मग जरा वेळाने, "मी सगळ्यांसमोर कागद धरून दाखवला होता तिचा. ते तिला उद्या वर्गातच सांगणार आहे." दोघी बसून राहिलो.

सुटल्यावर मुंगीने हात दाखवला. मधल्या बोटावर पेन्सिलीचा लाल वळ. किती झालं विचारायचं जिभेवर आलेलं गिळलं.

शुक्रवार, १३ मार्च

निकाल सांगितला. वीसपैकी तेरा गणितात, भाषेत बारा. दोन्हींत शेवटचे प्रश्न राहिले. काही ओळी ठळक, काही मधेच फिक्या पडलेल्या, पण दिव्याखाली वाचता येतात. चौथीत गेली. वन्संच्या लेकीला एकोणीस. वन्सं जिन्यात भेटल्या, मी आपणहून सांगितलं, तेरा, आणि का तेरा तेही सांगितलं. त्यांनी एकदा तोंड उघडलं, मग मिटलं, आणि म्हणाल्या, चहाला या.

साडेचारला मुंगी टेबलाशी बसली. सुट्टी लागली तरी बसली. मी समोर भाजी निवडत होते. ती नव्या वहीत काहीतरी लिहीत होती, मधेच थांबून छताकडे बघत होती, पुन्हा लिहीत होती. अर्ध्या तासाने पेन्सिल ठेवली.

तपासायला म्हणून माझा हात आपोआप पुढे झाला. तिने तो पाहिला, वही मिटली आणि आपल्या दप्तरात ठेवली.

हात तसाच भाजीच्या टोपलीकडे नेला.

ती खेळायला गेली. दप्तर खुर्चीला टांगलेलं आहे, मी हे लिहिते आहे तिथून एका हातावर. किती लिहिलं, किती बरोबर, इथे मांडायला आज माझ्याजवळ काही नाही. मला माहीत नाही.